पितळी भांडे, विंचू आणि भोर-वेल्ह्याची मुले
(भोर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास वाचताना ‘भोर समिती’ हे नाव पदोपदी भेटते. या गावाचा त्या समितीशी काही संबंध नाही. १९४३ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे सनदी अधिकारी होते. नावाचे साम्य हा योगायोग. परंतु १९४६ साली त्या समितीने जो अहवाल दिला, त्यातील मूळ प्रतिज्ञा अशी होती की, पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणाही नागरिकाला वैद्यकीय उपचारावाचून राहावे लागू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्या अहवालातून आली. त्यानंतर दोन वर्षांनी पंतसचिवांचे भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि या डोंगराळ मुलखातील माणसे संस्थानच्या रयतेची स्वतंत्र देशाचे नागरिक झाली. प्रतिज्ञा आणि नागरिकत्व यांची गाठ या खोऱ्यांत कितपत पडली, याचा हिशेब मांडायचा तर मुलांपासून आरंभ करावा लागतो. कारण समाजातील विषमतेची पहिली झळ मुलांनाच लागते.

बालरोगांवरील संशोधन म्हटले की डोळ्यांपुढे परदेशातील प्रयोगशाळा येते, आणि त्या संशोधनाचे फळ म्हणजे महागडे औषध अशी समजूत असते. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे नाही. पण ती अपुरी आहे, हे दाखविण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. एक उदाहरण पुण्याच्या रास्ता पेठेतील आहे, दुसरे वरंध घाटाच्या पायथ्याचे.

पहिल्या उदाहरणात एक रोग आहे, जो आज जवळपास नाहीसा झाला आहे. वर्ष-दोन वर्षांचे, तोपर्यंत बरे वाढलेले मूल किरकिरे होई, त्याची भूक जाई, पोट फुगू लागे. हाताला यकृत दगडासारखे टणक लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत मृत्यू. ‘मुलाचे लिव्हर वाढले’ एवढेच शब्द घरात उच्चारले जात, आणि ते ऐकताच वडीलधारी मंडळी मनातून मुलाची आशा सोडीत. वैद्यकाने या रोगाला ‘भारतीय बालयकृत-काठिण्य’ असे नाव दिले होते. १८८७ साली कलकत्त्याच्या सेन यांनी त्याचे वर्णन केले आणि त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे कारणाचा पत्ता लागला नाही. एकाच घरात दोन-तीन भावंडे जात, म्हणून कोणी रक्तातील दोष म्हणे. कोणी आहारातील उणीव म्हणे. गावात अर्थातच दृष्ट, शाप, आईचे दूध ‘बाधणे’ अशी कारणे तयार असत, आणि त्यांपैकी बहुतेक कारणांचा रोख सुनेकडे असे.

या रोगाची एक खोच अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी होती. सामान्यतः रोगराई सर्वांत गरिबांना प्रथम गाठते. हा रोग मात्र अगदी भूमिहीनाच्या घरात फारसा दिसत नसे आणि शहरातील श्रीमंतांच्या घरातही फारसा दिसत नसे. तो दिसे तो ग्रामीण मधल्या थरात. म्हणजे ज्यांच्या दारात दुभते जनावर आहे आणि घरात चार भांडी पितळेची आहेत, अशा कुटुंबांत.

१९७८-७९ या वर्षांत लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील संशोधक आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित यांच्या सहकार्याने या मुलांच्या यकृताचे नमुने तपासण्यात आले. त्यांत तांब्याचा प्रचंड साठा आढळला. तांबे आले कोठून? १९८३ साली डॉ. स्टुअर्ट टॅनर, डॉ. शीला भावे, डॉ. पंडित व त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात उत्तर सुचविले: चुलीवरच्या भांड्यातून. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. कल्हई शाबूत असेल तर दुधाचा त्याच्याशी स्पर्श होत नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात दूध तापविले, त्यातच तासन्‌तास ठेवले, पुन्हा तापविले, की दुधातील प्रथिने तांबे खेचून घेतात. मोठ्या माणसाचे यकृत हे जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकते. तान्ह्या मुलाची ती शक्ती अपुरी असते. म्हणून अंगावरचे दूध लवकर तोडून, पहिल्या काही महिन्यांतच ज्या मुलाला असे वरचे दूध सुरू केले जाई, त्याच्या यकृतात तांबे साचत जाई. आजारी मुलांची आणि तशाच वयाच्या निरोगी मुलांची खाण्यापिण्याची हकीकत शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात आली, तेव्हा फरक दिसला तो याच ठिकाणी.

वरचे दूध लवकर का सुरू होई? येथे वैद्यक संपते आणि घरातील व शेतातील व्यवस्था सुरू होते. भाताच्या लावणीला बाई पहाटे जाते ती दिवेलागणीला परतते. मूल सासूकडे किंवा सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे. त्याला पाजायचे काय? जनावराचे दूध. ठेवायचे कशात? लग्नात आंदण म्हणून आलेल्या पितळी भांड्यात. हे भांडे नुसते भांडे नव्हते. शेतकरी कुटुंबाची ती बचत होती. अडीनडीला सावकाराकडे गहाण पडणारी, लेकीच्या लग्नात मानाने मांडली जाणारी. कल्हईवाला वर्षातून एकदा येई. दुर्गम वाडीपर्यंत तोही येत नसे, आणि आला तरी त्याला द्यायला रोकड लागे. कल्हईवर वाचविलेल्या थोड्या पैशांची किंमत मुलाने यकृताने मोजावी, इतका हा व्यवहार क्रूर होता, आणि कोणालाही तो ठाऊक नव्हता.

उत्तर मिळाल्यावर उपाय सोपा होता. ज्या घरात एक मूल गेले त्या घराला पुढच्या अपत्यासाठी सांगण्यात येई की, दूध पितळेत ठेवू नका. स्टीलचे वा जर्मनचे भांडे वापरा. आईचे दूध तोडू नका. वेळेत आलेल्या मुलांवर शरीरातील तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाचे उपचार पुण्यात झाले. पूर्वी ज्यांचा मृत्यू ठरलेला होता अशांपैकी काही मुले त्यामुळे जगली व मोठी झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस रोग इतका विरळ झाला की, आजच्या तरुण डॉक्टराला तो पुस्तकातच वाचावा लागतो.

एक आक्षेप येथे घेतला जातो आणि तो रास्त आहे. स्टील स्वस्त झाले, बाजारात आले, लोकांनी घासायला सोपे म्हणून घेतले. रोग त्यामुळे गेला, मग संशोधनाचे श्रेय कोणते? शिवाय सर्वच संशोधकांना तांब्याचे कारण पूर्णपणे पटलेले नव्हते. तेच दूध पिऊन बहुसंख्य मुले निरोगी का राहिली, हा प्रश्न विचारला गेला आणि काही घराण्यांत आनुवंशिक दुबळेपणा असावा असे मानले गेले. याला ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांताने उत्तर पुरविले. तेथील डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराने मेलेल्या १३८ बालकांचा शोध १९९६ साली प्रसिद्ध झाला. तेथेही गाईचे दूध, तेथेही कल्हई नसलेली तांब्यापितळेची भांडी, आणि तेथेही भांडी बदलताच रोग नाहीसा. आल्प्सच्या शेतकऱ्याच्या आणि सह्याद्रीच्या शेतकऱ्याच्या चुलीवर एकच रसायन शिजत होते. तेव्हा हे खरेच की बाजाराने भांडी बदलली. पण बाजार कारण सांगत नाही. ज्या आईची दोन मुले गेली तिला, दोष तुझ्या दुधात नव्हता, तुझ्या कुळात नव्हता आणि कोणाच्या नजरेतही नव्हता, हे बाजार सांगू शकला नसता. कुटुंबस्वास्थ्य हा शब्द सध्या फार सैलपणे वापरला जातो. त्याचा ठोस अर्थ या घरांत दिसतो.

आणि कारण माहीत असण्याची गरज संपलेलीही नाही. तांब्यापितळेची भांडी अलीकडे पुन्हा शहरी हौसेची वस्तू झाली आहेत. प्रौढ माणसाने तांब्याच्या भांड्यातले पाणी पिणे निराळे आणि तान्ह्या मुलाचे दूध बिनकल्हईच्या पितळेत तापविणे निराळे, हा भेद विसरला गेला तर गेलेला रोग परतायला परवानगी मागणार नाही.

आता दुसरे उदाहरण. भोरहून महाडकडे जाणारा रस्ता वरंध घाट उतरतो, त्या भागात बिरवाडी हे गाव आहे. १९७६ साली तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. कोकणात आणि घाटमाथ्याच्या दोन्ही अंगांना लाल विंचू आहे. त्याच्या दंशाने मोठ्या माणसालाही धोका असतो. परंतु मुलाचे वजन कमी आणि विष तेवढेच, त्यामुळे बळी पडत ती प्रामुख्याने मुले. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटे, ओकाऱ्या होत, हातपाय बर्फासारखे गार पडत, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन गुलाबी फेस येत मूल दगावे. मोठमोठ्या ग्रंथांत या प्रकाराला उपाय लिहिलेला नव्हता, कारण ते ग्रंथ जेथे लिहिले गेले तेथे हा विंचू नव्हता.

बावस्करांनी जे केले ते सांगायला साधे आणि करायला कठीण होते. ते रुग्णाच्या खाटेशेजारी रात्ररात्र बसले आणि नाडी, रक्तदाब, श्वास यांची तासातासाला नोंद करीत राहिले. त्या नोंदींतून त्यांच्या ध्यानात आले की विष शरीराच्या स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठविते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या भाराखाली खचते. तर मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यावे. प्रॅझोसिन हे औषध उच्च रक्तदाबासाठी बाजारात होतेच. गोळीच्या रूपात, स्वस्त, तोंडाने देता येण्याजोगे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी ते वापरले. फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांत पूर्वी शंभरातील पंचवीस-तीस दगावत. प्रॅझोसिननंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या लिखाणात नमूद आहे. हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी महाडमध्येच केलेली चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली, प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरील प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे तीत दिसले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गौरव योग्यच आहे. पण येथे एका व्यक्तीचे स्तोत्र गाण्याचा हेतू नाही. पाहण्याजोगी गोष्ट ही की, कोणत्याही औषधकंपनीला या शोधात रस असण्याचे कारण नव्हते. विंचू चावतो तो अनवाणी चालणाऱ्याला, जमिनीवर झोपणाऱ्याला, सरपणाच्या मोळीत आणि गोवऱ्यांच्या ढिगात हात घालणाऱ्या पोराला. त्या गिऱ्हाइकाच्या खिशात काही नाही, आणि औषध जुने व स्वस्त, त्यात नफा नाही. पितळी भांड्याच्या शोधातून तर विकण्याजोगे काहीच निघाले नाही. ‘हे वापरू नका’ या वाक्यावर कोणी पेटंट घेऊ शकत नाही. ज्या ज्ञानाची समाजाला सर्वाधिक गरज असते ते ज्ञान बाजाराच्या दृष्टीने बहुधा निरुपयोगी असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविले जाते. अंदाजपत्रके करणाऱ्यांना मात्र त्याचा विसर पडतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन होते. मुदत सरली, वचन दूरच राहिले.

मुलाच्या आजाराचा खर्च दवाखान्याच्या पावतीवर मावत नाही, हे वेल्ह्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. तोरण्याच्या किंवा राजगडाच्या पायथ्याच्या वाडीतून मूल पाठीवर घेऊन रस्त्याला येणे, तेथून एस. टी. ने किंवा भाड्याच्या जीपने पुण्याला जाणे, आईबापांपैकी एकाची, बहुधा दोघांची, मजुरी बुडणे, मागे राहिलेल्या भावंडांनी शाळा सोडून गुरे सांभाळणे, आणि परतल्यावर वर्ष-दोन वर्षे फिटत राहणारे उसने. लावणीच्या हंगामात पंधरा दिवस शेत सुटले की त्या वर्षाचे भातही जाते. म्हणून एखादा आजार टळतो तेव्हा वाचते ते केवळ मूल नव्हे. त्याच्या बहिणीचे शिक्षणही वाचते आणि बैलजोडीही. हा लाभ कोणत्याही सरकारी तक्त्यात जमेच्या बाजूला मांडला जात नाही. परिणामी संशोधनावरचा पैसा ‘खर्च’ दिसतो.

पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. त्यातील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने लहान, पण चरबीचा अंश मात्र त्या मानाने राखून असलेली. पुढे प्रौढपणी मधुमेहाकडे झुकणाऱ्या देहाची मुळे गर्भातच असतात, हा त्याचा जगभर चर्चिला गेलेला निष्कर्ष. भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने मात्र त्याच अभ्यासातील, डॉ. शोभा राव यांनी मांडलेला भाग अधिक जवळचा आहे. ज्या स्त्रियांनी पालेभाजी, फळे अधिक वेळा खाल्ली त्यांची बाळे अधिक भरली. आणि ज्यांच्यावर गरोदरपणात शेतकामाचा, पाणी आणण्याचा, कष्टाच्या घरकामाचा बोजा अधिक होता त्यांची बाळे लहान राहिली. म्हणजे बाळाचे वजन हे आईच्या डोक्यावरील हंड्याशी निगडित आहे. भाटघरचे धरण १९२०च्या दशकात पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटण, माळशिरसच्या उसाला गेले. धरणाच्या काठावरची बाई एप्रिल-मे महिन्यांत झऱ्यावर वाटीने पाणी भरते. पाण्याचा प्रश्न बालरोगाचा प्रश्न नव्हे, असे म्हणणाऱ्या खातेप्रमुखाने हे आकडे एकदा वाचावेत.

संशोधनाची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र अप्रामाणिक होईल. गरिबाचे मूल संशोधकाला सहज उपलब्ध असते, हाच त्यातील धोका आहे. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. आंध्रात वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या वतीने अधीक्षकांनीच संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. काही मुलींच्या मृत्यूनंतर गदारोळ होऊन प्रकल्प थांबविण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाले असे सिद्ध झाले नाही. परंतु संमती घेण्यात ज्या रीतीने हेळसांड झाली तिच्यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. लस चांगली असणे आणि पालकाला विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसरीची भरपाई करीत नाही. कातकऱ्याच्या झोपडीत जाऊन अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. आणि याच घटनेचा दाखला देऊन संशोधनालाच विरोध करणारे काही पुरोगामी मित्र आहेत, त्यांनीही विचार करावा की, आदिवासी मुलांवर संशोधन होऊ नये याचा व्यवहारी अर्थ आदिवासी मुलांच्या आजारांवर संशोधन होऊ नये असाच होतो.

मग मार्ग कोणता? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तो दाखविला. ३९ गावांत, गावातल्याच स्त्रीला प्रशिक्षण देऊन नवजात बालकाची घरच्या घरी देखभाल करण्याचा प्रयोग झाला. ४७ गावांशी तुलना करून मोजमाप झाले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर शेकडा ६२ नी उतरल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात घरी जाऊन नवजात बालकाला तपासणे समाविष्ट झाले. थोडी शिकलेली ग्रामीण स्त्री बाळाचे श्वास मोजू शकते, ताप पाहू शकते, धोका ओळखू शकते, हा त्या संशोधनाचा सर्वांत मोठा शोध मानावा लागेल. त्या स्त्रीला सरकार पगार न देता ‘मानधन’ आणि ‘मोबदला’ देते, ही त्याच शोधाची झालेली विटंबना.

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. नावाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. त्याच तत्परतेने एक लहानसे काम करता येईल आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. बालमृत्यूचे अन्वेषण करावे, कारण नोंदवावे, अशा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहेत. ही चौकशी वरच्या कार्यालयासाठी केली जाते. तिचा निष्कर्ष, कुटुंबाचे नाव वगळून, वर्षातून एकदा त्या त्या ग्रामसभेपुढे वाचला जावा: या पंचक्रोशीत गेल्या वर्षी इतकी मुले गेली, इतकी श्वासाच्या आजाराने, इतकी जन्मतः कमी वजनाने, इतकी वाहन वेळेवर न मिळाल्याने, इतकी सर्पदंश-विंचूदंशाने. त्याच सभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टराने सांगावे की प्रॅझोसिनच्या गोळ्या आणि प्रतिविष आज कपाटात किती आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घेण्याची मागणी भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.